पाठमोरा

सकाळी मिटीला कळा सुरू झाल्या तेव्हा धूर अजून लांब होता. पूर्वेला, करवती गवताच्या पार पलीकडे, आभाळाच्या कडेला एक मळकट पट्टा उठला होता. एफीने तो पाहिला आणि पेजेचं भांडं उचलून ती चालू लागली. पाऊस लांबला की असा धूर कुठे ना कुठे दिसायचाच. गोऱ्यांनी समुद्राकडे कालवे खणल्यापासून दलदलीचं पाणी दरवर्षी लवकर आटायचं आणि गवतही लवकर पेटायचं.

दलदलीतल्या त्यांच्या बेटाच्या उत्तर टोकाला, राहत्या छपरांपासून दूर, मिटीसाठी वेगळी खोप घातली होती. मिटी एका खांबाला दोन्ही हातांनी धरून उकिडवी बसली होती. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"ताई, पेज नको. पाणी दे."

"दोन घोट घे. अंगात बळ नको का?"

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस."

एफीने भांडं खाली ठेवलं. मागच्या वेळी याच टोकाला, अशाच खोपीत, मिटीला मुलगा झाला होता. तो रडलाच नाही. शेजारी आई होती, तरी बाळ आलं ते एफीच्या हातात, आणि गेलं तेही तिच्याच हातात. या खेपेला आईसुद्धा नव्हती. दिवस भरायला अवकाश आहे म्हणून आई घरातली पोरंसोरं घेऊन पश्चिमेच्या सायप्रसच्या झाडांच्या रानात भोपळे लावायला गेली होती. बेटावर चौघंच उरली होती: या दोघी बहिणी, त्यांचा विल्सन मामा आणि मिटीचा नवरा हेन्री.

"या वेळी रडेल," एफी म्हणाली. "एवढं रडेल की तूच वैतागशील."

मिटीने खांब घट्ट आवळला. पुढची कळ आली होती.

एफी पाणी आणायला परत आली तेव्हा दोघे पुरुष चुलीपाशी होते. चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले ओंडके मधोमध धुमसत होते. मामा गुडघा धरून बसला होता. त्याचा डावा गुडघा कधीचाच गेला होता. हेन्री मात्र उभा होता, उत्तर टोकाकडे पाठ करून. पाठ करूनच उभं राहायचं असतं. बाळंतिणीजवळ पुरुषाने जायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या हातचं खायचं नाही. नियमाचे दिवस सरले की मग काय ते. नाहीतर पुरुषाचं अंग बिघडतं, शिकार हाताला लागत नाही, आणि घरादारालाही ते बाधतं. मामाने हे लहानपणापासून सगळ्यांना शिकवलं होतं आणि मामाचा शब्द पाणमांजर कुळात कोणी खाली पडू देत नसे.

"कशी आहे?" हेन्रीने जमिनीकडे बघतच विचारलं.

"बाळंत होणारी बाई असते तशी आहे."

"ताई, मी नीट विचारतोय."

"मीही नीटच सांगतेय."

हेन्री पक्षी कुळातला. पक्क्या रस्त्याच्या काठावरच्या वस्तीत वाढलेला, जिथे गोरे लोक मोटारी थांबवून फोटो काढतात. लग्नानंतर रिवाजाप्रमाणे बायकोच्या माणसांत राहायला आला, पण त्याची होडी अजूनही गवतात शिरायची आणि एफी अजूनही त्यावरून त्याला टोमणे मारायची. या खेपेला मिटीला शहरातल्या दवाखान्यात न्यावं असं त्याचं म्हणणं होतं. एफी त्यावर कडाडली होती आणि तोही बोलून गेला होता, "एकदा तुमच्या हातात दिलं होतं ना?" तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलत होती.

"जावईबापू," मामा म्हणाला, "असं खांबासारखं उभं राहून पोर लवकर येत नाही. बस. भाजलेला मासा आहे, खा."

"भूक नाही मामा."

"मग मला दे."

मामाने माशाची खपली काढायला हात पुढे केला आणि तिथेच थांबला. त्याने तोंड वर केलं. चुलीचा धूर, जो सकाळपासून पूर्वेकडे जात होता, तो मोडला, गोल फिरला आणि त्यांच्या अंगावर आला.

वारं फिरलं होतं.

मामा काठी टेकत उठला आणि बेटाच्या पूर्व कडेला गेला. एफी त्याच्या मागे गेली. मघाचा मळकट पट्टा आता राहिला नव्हता. अर्धं आभाळ तपकिरी झालं होतं आणि त्याच्या खालच्या कडेला, गवताच्या शेंड्यांवर, लाल रेघ थरथरत होती. धुरातून बगळ्यांचे थवे बाहेर पडत होते आणि डोक्यावरून न ओरडता जात होते. आगीच्या पुढ्यात मात्र उंचावर गिधाडं घिरट्या घालत होती. होरपळून बाहेर येणाऱ्या सशांची ती वाट बघत होती.

"आपल्याकडून गवत पेटवून देऊ," हेन्री धापा टाकत आला. "समोरचं जळून गेलं की आग येईल कशाला?"

"गवताचं ठीक आहे," मामा म्हणाला. त्याने काठीचं टोक जमिनीत खुपसलं. काळी गाळमाती, जी एरवी पाण्याखाली असायची, ती भाकरीसारखी कोरडी फुटली. "ही माती नाही, हे कुजून साचलेलं जुनं गवतच आहे. हिला खालून आग लागते. वरून विझलेलं दिसतं आणि मुळांतून पेटत येतं. गेल्या साली दक्षिणेचं बेट असंच गेलं. झाडं उभीच्या उभी आत कोसळली."

"मग?"

"मगरीच्या डोहात."

डोह बेटापासून बराच दूर होता, वाळुंजांच्या झाडीत. सगळी दलदल आटली तरी तिथे पाणी टिकायचं, कारण तिथली म्हातारी मगर वर्षानुवर्षं तो उकरत आली होती. उन्हाळ्यात मासे तिथेच मिळायचे. म्हणून मामाने त्या मगरीवर कधी बंदूक उचलली नव्हती आणि कोणाला उचलू दिली नव्हती.

"मिटी चालू शकत नाही, मामा."

"किती वेळ आहे तिला?"

"थोडा. फार थोडा."

हेन्री वळला आणि उत्तर टोकाकडे पळत सुटला. चारच पावलं गेला असेल.

"हेन्री!" मामा ओरडला. त्याने जावईबापू म्हटलं नाही. "पाय पुढे टाकू नकोस."

"मामा, ती जळेल!"

"ती जळणार नाही. पण तू तिला हात लावायचा नाहीस."

"मग कोण उचलणार? ताई एकटी? का तुम्ही?" हेन्रीचा आवाज फाटला. "नियम, नियम! मागच्या वेळीही नियमच पाळला ना आपण? काय मिळालं?"

एफीला वाटलं, मामा आता काठी उगारणार. मामाने तसं काही केलं नाही. तो लाल रेघेकडे बघत राहिला, मग होडीकडे. सायप्रसच्या एका सबंध खोडातून कोरलेली ती लांब होडी पाणवाटेच्या तोंडाशी चिखलात रुतून बसली होती. पाणवाटेत पाणी उरलं नव्हतं. नुसती बुळबुळीत काळी चिखलाची घळ डोहाच्या दिशेने गेली होती.

"दोर आण," मामा म्हणाला. "सगळ्यात लांब असेल तो. एफी, तिला आधार देत होडीपर्यंत आण, आत घे. आम्ही दोघं दोराच्या दुसऱ्या टोकाला असू. पुढे बघून ओढू. मागे वळून बघायचं नाही. तू मागून ढकल."

"आणि वाटेतच बाळ आलं तर?"

"तर तू आहेस ना?"



एफीने गळ्यातल्या मण्यांच्या माळा उतरवायला घेतल्या. काचेच्या मण्यांचे सर हनुवटीपर्यंत चढलेले असायचे आणि ते आता मानेला चटके देत होते. घाईत तिने बहुतेक सगळे चुलीपाशीच टाकले, शेवटची एक माळ केसात अडकली ती तशीच राहिली. माचावर तिचं हाताने फिरवायचं शिवणयंत्र होतं, त्यावर रंगीत पट्ट्यांचा अर्धवट घागरा. तिने त्याकडे एकदा पाहिलं. मग अंथरुणाच्या चादरी ओढल्या, हंड्यातलं पाणी त्यांवर ओतलं आणि धावली.

मिटीला होडीत घेताना दोघी बहिणी एकदा चिखलात पडल्या. मिटी किंचाळली नाही, तिने एफीच्या खांद्याला दात लावले.

"झोप. पाय वर घे. होडीच्या कडा धर."

"धूर कसला, ताई?"

"चुलीचा."

"मला वेडी समजतेस?"

"नाही. गप्प झोप."

पुढे, दोराच्या टोकाला, दोघांच्या पाठी दिसत होत्या. एक वाकलेली, एक सरळ. एफीने ओरडून सांगितलं, "ओढा!" दोर ताणला गेला. होडी हलेना. एफीने पाय रोवले, कपाळ लाकडाला टेकवलं आणि सगळ्या अंगाने रेटलं. चिखलाने चप्प असा आवाज केला आणि होडी सुटली.

दोन्ही बाजूंना करवती गवत डोक्याच्या वर गेलेलं. त्याची पाती हातांना, गालांना कापत होती. समोरचं काही दिसत नव्हतं, मागचं बघायची हिंमत नव्हती. आवाज मात्र येत होता. आधी लांबच्या पावसासारखा वाटला. मग तो वाढला आणि त्यात फटाफट फुटण्याचे आवाज मिसळले. मागून गरम वारा आला की एफीच्या मानेवरचे केस उभे राहत. जळक्या गवताच्या काड्या हवेतून येऊन मिटीच्या चादरीवर पडत होत्या आणि चुरचुरून विझत होत्या.

"ताई," मिटी म्हणाली, "थांबव."

"थांबता येत नाही."

"थांबव म्हणते ना! येतंय!"

एफीने ढकलणं सोडलं आणि होडीत चढली. "मामा! बाळ येतंय!"

"ओढायचं थांबवू?" पुढून मामाचा आवाज आला. शब्द खोकल्यात बुडाले.

एफीने आता मागे बघितलं. घळीच्या टोकाला, जिथून ते निघाले होते, तिथे बेटाच्या मोठ्या वडाला पानोपानी आग लागली होती.

"नका थांबू!"

होडी संथ झाली, पण थांबली नाही. आता दोघेच ओढत होते. धक्क्याधक्क्याने पुढे सरकणाऱ्या त्या लाकडी पोकळीत एफी गुडघ्यांवर बसली, मिटीचे पाय आपल्या खांद्यांना टेकवले आणि म्हणाली, "आता. मला दाब, लाथ मार, काय वाट्टेल ते कर. पण आता."

मिटीने तोंडात चादर कोंबली. एफीला केसांनी काळं झालेलं डोकं दिसलं, मग खांदा, आणि मग सगळं एकदम, माशासारखं निसटून, तिच्या हातांत आलं.

मुलगी होती. निळसर. आणि गप्प.

  एफीला दोन वर्षांपूर्वीचा तो गप्प देह आठवला, तेच वजन, तीच निसरडी पाठ. मिटीने मान उचलली.

"ताई? रडत का नाही?"

पुढून हेन्री ओरडला, "झालं का? ताई! रडलं का?"

 दोर ताणलेलाच होता.

"ताई! बोला ना! मी वळू का?"

"पुढे बघ!" मामा खेकसला. "ओढ! तू ओढलंस तर ती जगतील. ओढ!"

एफीने बाळाला पालथं घेतलं, बोटाने तोंड साफ केलं, मग आपलं तोंड त्या चिमुकल्या नाकातोंडावर ठेवून ओढलं आणि बाहेर थुंकली. पुन्हा ओढलं. पाठ चोळली. तळपायांवर चापट्या मारल्या. "रड," ती म्हणत होती, "रड ग बाई, तुझा बाप तिकडे वेडा होतोय, रड." तिने बाळाच्या तोंडात हळूच फुंकर घातली, आपल्या गालांतली तेवढीच हवा. छाती हलली. थांबली. पुन्हा फुंकर. मग बाळाने तोंड वाकडं केलं, जसं काही त्याला हवेची चवच आवडली नाही, आणि मांजरीच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज काढला. दुसरा आवाज त्याहून मोठा होता. तिसरा सगळ्यांना ऐकू गेला.

दोराला हिसका बसला. होडी एकदम अशी धावली की एफी मागे आपटली.

तिने केसात अडकलेली माळ तोडली, मणी होडीत घरंगळले, आणि त्या दोऱ्याने नाळ बांधली. सुरी कमरेला होती. बाळाला ओल्या चादरीत गुंडाळून मिटीच्या छातीवर ठेवलं आणि खाली उतरून पुन्हा ढकलायला लागली.

वाळुंजांची झाडी आली तेव्हा धुरातून सूर्य तांब्याच्या ताटासारखा दिसत होता. डोहात पाणी होतं, कमरेइतकं, काळं. आणि त्यात गर्दी झाली होती. काठावर ससे बसले होते, एकमेकांच्या अंगावर. डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेली एक रकूनची मादी आपली दोन पिल्लं एकेक करून तोंडात धरून इकडून तिकडे नेत होती. हरिणी आणि तिचं पाडस पोटापर्यंत पाण्यात उभी होती. एक जाड पाणसाप होडीच्या टोकाजवळून गेला, त्याने कोणाकडे बघितलंही नाही.

म्हातारी मगर मधोमध होती. नुसते डोळे आणि नाकपुड्या.

"बंदूक?" हेन्रीने विचारलं. ती त्याच्या पाठीला बांधलेली होती.

"नाही," मामा म्हणाला. "एवढ्याशा पाण्यात ती लोळायला लागली तर होडी राहायची नाही. मी तिला बिळाकडे लोटतो. तू पलीकडच्या काठाशी जा. तोंड वाळुंजांकडे."

मामा पाण्यात उतरला. गुडघ्याचं दुखणं जणू काठावरच राहिलं. त्याने लांब काठी पाण्याखालून सरकवली आणि मगरीच्या बरगडीला लावली, टोचली नाही, नुसती लावली. "चल, आजी," तो पुटपुटला. "घर तुझंच आहे. आम्ही थोडा वेळ बसतो." मगरीने नाकातून हवा सोडली. मग डोळे बुडाले. पाण्यावर एक लांब सुरकुती काठाखालच्या बिळाकडे गेली.

होडी पाण्यात ढकलली. एफीने सगळ्या चादरी पुन्हा भिजवून बहिणीवर आणि बाळावर टाकल्या, आत श्वासापुरती जागा ठेवली. स्वतः होडीच्या कडेला धरून हनुवटीपर्यंत पाण्यात बसली. पुरुष समोरच्या बाजूला, पाठ करून.

आणि मग आग आली.

वाळुंजं पेटली नाहीत, ती ओली होती, पण त्यांची पानं क्षणात गुंडाळून काळी झाली. गवत मात्र एकाच गर्जनेत गेलं. एफीने डोकं पाण्याखाली घेतलं, वर काढलं, घोटभर धूर गिळला, पुन्हा खाली. वर येईल तेव्हा हात फिरवून चादरींवर पाणी उडवायची. चादरीतून वाफ निघत होती. आत बाळ रडत होतं, आणि त्या रडण्यावर तिचं सगळं लक्ष होतं. जोवर ते ऐकू येतंय तोवर ठीक.

धुरात मामाचा खोकला ऐकू येत होता, पण मामा दिसत नव्हता.

मगर बिळात किती वेळ राहणार? तिलाही श्वास लागतोच. ती वर आली ती होडी आणि हरिणीच्या मध्ये. पाडस दचकून उसळलं, होडीकडे आलं. मगरीचं शेपूट फिरलं. ते पाडसाला लागलं नाही, होडीला लागलं.

होडी एका कुशीवर गेली. एफीने दोन्ही हातांनी कड धरली, पण तिचे पाय गाळात सरकले आणि वजन तिच्या अंगावर यायला लागलं. पाणी कडेवरून आत शिरलं. मिटी घसरत होती. चादरींचा ओला गठ्ठा घसरत होता, आणि त्यातलं रडणं एकदम थांबलं.

"हेन्री!" एफी ओरडली. "हेन्री, वळ! ये!"

तो धुरातून आला. पाणी फोडत आला, डोळे उघडे, तोंड उघडं. होडीखाली खांदा घातला आणि उचलली. त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, मिटीचा चेहरा होता, आणि तिच्या गळ्याशी, चादर सरकल्यामुळे, एक सुरकुतलेलं लाल तोंड, भिजलेलं, रागावलेलं. बाळ शिंकलं. मग पुन्हा रडायला लागलं.

हेन्रीने बघितलं. एफीने त्याला बघताना बघितलं. मिटीनेही डोळे मिटले नाहीत.

मग त्याने मान वळवली. होडी आपल्या पाठीवर घेतली आणि तसाच, पाठमोरा, खांब होऊन उभा राहिला. त्याच्या सदऱ्याच्या रंगीत पट्ट्यांना ठिणग्यांनी भोकं पडत होती. तो हलला नाही. मगर कुठेतरी बुडाली होती, पाडस आईपाशी परत गेलं होतं.

आग पुढे निघून गेली तरी कोणी पाण्याबाहेर आलं नाही. संध्याकाळी उशिरा मामाने हाक दिली तेव्हा एफीला कळलं की आपण अजून होडीची कड सोडलेली नाही. तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

त्यांचं बेट वाचलं नाही. वरून अर्धं शाबूत दिसत होतं, पण मामाने काठी खुपसली की त्या भोकातून धूर यायचा. शिवणयंत्र माचासकट खाली आलं होतं, त्याचं चाक वितळलं नव्हतं पण लाकूड सगळं गेलं होतं. एफीने ते उचललं नाही. दुसऱ्या दिवशी सगळी पश्चिमेच्या सायप्रसच्या रानाकडे निघाली, पुन्हा तसंच, होडी, दोर, पुढे दोन पाठी. जिथे पाणी लागलं तिथे ओढणं सोपं झालं. आईने त्यांना लांबून पाहिलं आणि रडत, शिव्या देत, पाण्यात धावत आली.

तिथे मिटीसाठी नवी खोप घातली. हेन्रीने दूरवर खांब तोडले, एफीने वाहून नेले.

चार दिवसांनी मामाने बाळाला नाव दिलं, जे घरातल्यांनीच घ्यायचं असतं. त्या संध्याकाळी त्याने एफीला बोलावलं. आगीनंतर त्याचा आवाज घोगरा झाला होता, तो बसूनच झोपायचा.

"हिरव्या मक्याचा सण तोंडावर आलाय," तो म्हणाला. "सगळ्या कुळांची म्हातारी माणसं जमतील. विचारतील, बाळंतिणीबरोबर पुरुष कसे आले म्हणून. मी सांगेन, दोराच्या टोकाला होतो, पाठ करून होतो. माझ्यापुरतं ते खरं आहे." त्याने खोकला आवरला. "हेन्रीबद्दल मी काय सांगू?"

एफी चुलीतलं लाकूड आत सरकवत राहिली. हेन्रीचं काय होईल ते तिला माहीत होतं. मामाने मनात आणलं तर त्याला त्याच्या आईच्या वस्तीवर परत पाठवता आलं असतं. महिनाभरापूर्वी असं झालं असतं तर तिला वाईटही वाटलं नसतं. खोटं बोलणं सोपं होतं. मामा धुरात होता, त्याला काही दिसलं नव्हतं. पण उद्या हेन्रीला ताप आला, पोरीला काही झालं, तर कशाने झालं हे कोणालाच कळणार नव्हतं, आणि उपायही होणार नव्हता.

"तो वळला," ती म्हणाली. "होडीजवळ आला. दोघींना बघितलं त्याने."

मामाने काठी मांडीवर आडवी घेतली.

"मी बोलावलं म्हणून आला. मी नाव घेऊन ओरडले. नसता आला तर आज तुम्ही नाव कोणाला ठेवलं असतं? दोष द्यायचा तर मला द्या. त्याला कुठे पाठवायचं नाही, मामा. मी पाठवू देणार नाही."

"मोठी आलीस पाठवू न देणारी."

"आलेच आहे."

मामाने काठीने राख सारखी केली. "मी धुरात होतो, एफी. बहिरा नव्हतो."

एफीने मान वर केली.

"तुझी हाक मी ऐकली. पाण्यात त्याची धावही ऐकली. एवढे दिवस वाट बघतोय, कोण सांगतंय म्हणून. तो सांगणार नाही, त्याला वाटतं तुझ्यावर येईल. तू सांगणार नाहीस, असं मला वाटत होतं." तो जरा हसला, आणि हसताना खोकला. "उद्या पहाटे माझ्याबरोबर चल. मुळं खणायची आहेत. त्याला औषध प्यावं लागेल, ओकाऱ्या काढाव्या लागतील, सणाला उपास आणि अंग शुद्ध व्हायला हातापायांवर ओरखडे. नीट केलं तर निभावेल. औषध यासाठीच असतं."

"फार कडू असतं ते?"

"भयंकर. तू पाजणार आहेस म्हटल्यावर तुला आनंदच होईल."

हेन्रीने सात सकाळी ते औषध घेतलं. झाडीआड जाऊन ओकायचा आणि पांढराफटक होऊन परत यायचा. तक्रार केली नाही, एकदा मात्र म्हणाला, "ताई, दवाखान्यातलं औषध गोड असतं म्हणे." एफीने त्याला दुसरा कटोरा भरून दिला.

एक दिवस ती खोपीकडे पेज घेऊन निघाली असताना तो वाटेत बसला होता. चुलीपाशी आई होती, मामा होता, शेजारच्या वस्तीवरची दोन-चार माणसं बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, रिवाज पाळणाऱ्या बापाने विचारावं तसं, खाली बघत त्याने विचारलं, "ताई, पोर दिसायला कशी आहे?"

एफीने पेजेचं भांडं कमरेवर घेतलं.

"लाल," ती म्हणाली. "आणि फार रागीट. अजून काही विचारायचंय?"

हेन्रीने मान हलवली. त्याचं तोंड दुसरीकडे होतं, पण त्याचे कान हसताना मागे गेले ते तिला दिसले. ती वाटेला लागली. खोपीतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, आणि ते ऐकत ती सावकाश चालली.